गळीत हंगामाआधी: ऊसतोडीच्या बैलांची ये-जा, लम्पी आणि लाळ्या-खुरकुताचे नियम

नीरेकाठ (धागाकर्ता)

दसरा झाला की आमच्या माळशिरस तालुक्यात कारखान्याच्या बैलगाडी टोळ्या यायला लागतात. कुणी बीडकडून, कुणी पाथर्डीकडून, कुणी जतकडून. कालव्याच्या फाट्याच्या कडेला तळ पडतो, कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपेपर्यंत सगळे बैल तिथेच बांधलेले असतात. तळापासून पहिला गोठा हाकेच्या अंतरावर. आमच्या गावात गाई बहुतेक संकरित आहेत, घरटी दूध डेअरीला जातं, आणि निम्म्या घरांचा महिन्याचा खर्च त्या दुधावरच चालतो.

२०२२ च्या लम्पीनंतर (गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा तो साथीचा रोग) दर वर्षी ग्रामसभेत हा विषय निघतो आणि भांडणावर संपतो. काहींना हद्दीत बाहेरचा बैल नको आहे. काही म्हणतात, मग ऊस काय स्वतः चालत गव्हाणीत जाणार? मला दोघांचंही पटतं. पण नियम नेमका काय आहे, हे दोघांपैकी कुणालाच धड माहीत नाही. एक जण म्हणतो तहसीलदाराचा कागद लागतो, दुसरा म्हणतो पोलीस पाटलाचा पुरतो, तिसरा म्हणतो लम्पी संपला, आता काहीच लागत नाही.

यंदा भांडणाऐवजी काहीतरी ठरवून उठावं असं मनापासून वाटतं. म्हणून इथे विचारतोय. जनावर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं तर आज काय काय लागतं? बैल आजारी निघाला तर कळवायचं कुणी? आणि गावाने स्वतःहून काय केलं तर गाईही वाचतील आणि टोळ्यांनाही परत पाठवावं लागणार नाही?

निवृत्त_पविअ

चांगला धागा. मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, लम्पीच्या साथीत नोकरीतच होतो. थोडं सविस्तर लिहितो.

मूळ कायदा केंद्राचा, २००९ चा: प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम. रोग पसरण्याचा धोका दिसला की राज्य सरकार एखादा भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर करतं. ही घोषणा ठरावीक रोगासाठी आणि ठरावीक जातीच्या जनावरांसाठी असते. ती झाली की त्या जातीचं जनावर परवानगीशिवाय जागचं हलवता येत नाही, बाजार, जत्रा, प्रदर्शनं बंद करता येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीसाठी अख्खं महाराष्ट्र राज्यच नियंत्रित क्षेत्र झालं होतं. तेव्हा आठवडी बाजार थांबले, शर्यती थांबल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. नंतर निर्बंध सैल केले तेव्हा वाहतुकीसाठी अटी घातल्या: कानात बिल्ला, निघण्याच्या किमान २८ दिवस आधी लस, आणि पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला.

आता 'लम्पी संपला, काही लागत नाही' याबद्दल. साथीच्या अधिसूचनेतले खास निर्बंध अधिसूचनेबरोबर येतात आणि जातात. जिल्हाधिकारी गरजेप्रमाणे तालुक्यापुरते, गावापुरतेही आदेश काढतात, त्यामुळे निघण्याआधी दोन्हीकडच्या दवाखान्यांत फोन करून विचारावंच. पण काही गोष्टी कायमच्या आहेत. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातले उपचारही बंद आहेत. बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला. तो क्रमांक संगणकात टाकला की जनावर कुणाचं, कुठलं, लस कधी टोचली, हे दिसतं. दुसरं, ज्या गाडीतून जनावर न्यायचं ती भरण्याच्या लगेच आधी आणि उतरवल्यावर लगेच धुऊन निर्जंतुक करायची, हे २००९ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. हा नियम मी सहसा कुठेच पाळलेला पाहिला नाही, आणि रोगाच्या दृष्टीने याच्याइतका स्वस्त आणि कामाचा नियम दुसरा नाही.

कळवायचं कुणी? मालकाने, किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने. रोगाची शंका आली तरी ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या दवाखान्यात कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे. टोळीच्या बाबतीत पहिला गाडीवान, मग मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार. तुमची ग्रामपंचायत यात नुसती बघणारी नाही. तिच्याकडे खबर आली की ती पशुवैद्यकापर्यंत पोचवणं हे तिचं काम आहे. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

२८ दिवसांबद्दल एक सांगतो, कारण लोकांना तो आकडा उगाच काढलेला वाटतो. जागतिक पशुआरोग्य संघटना लम्पीचा सुप्त काळ २८ दिवसांपर्यंत धरते. म्हणजे आज विषाणू अंगात शिरला तर गाठी दिसायला तितके दिवस लागू शकतात. आणि लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती नीट तयार व्हायलाही साधारण तीन आठवडे जातात. निघायच्या आदल्या दिवशी लस टोचून कागद घेतलेला बैल कागदावर सुरक्षित असतो, अंगाने नसतो.

रावसाहेब_अकलूज

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभार. पण माझं मत स्पष्ट आहे, बंदीच पाहिजे. २०२२ ला माझ्या दोन गाई गेल्या. एक पहिलारू कालवड होती, व्यायला आठ दिवसांवर आलेली. गाठी, ताप, पायाला सूज, खाणं बंद. जी वाचली ती पुन्हा पूर्वीच्या दुधावर आलीच नाही. नुकसानभरपाईचे तीस हजार मिळाले, पण त्या पैशात तशी गाय बाजारात मिळत नाही.

कारखान्यांनी ट्रॅक्टर टोळ्या आणाव्यात, तोडणी यंत्रं आणावीत. बैलच नसेल तर प्रश्नच नाही. आमच्या गोठ्याचा धोका आम्ही का घ्यायचा?

बालाघाटची_लेक

रावसाहेब दादा, तुमच्या गाईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्या घरी आजीने बैल गेल्यावर दोन दिवस चूल पेटवली नव्हती, त्यामुळे ते दुःख मला सांगायला नको.

मी पाटोदा तालुक्यातली. आई-वडील आजही बैलगाडीवर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात, मी शिकून नोकरीला लागले. दुसरी बाजू इथे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

बैलजोडी ही गाडीवानाची सगळ्यात मोठी मालमत्ता असते. बऱ्याचदा जमिनीपेक्षा जास्त. जोडी घ्यायला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती हंगामात फेडायची असते. बैल मेला तर उचल मरत नाही. त्यामुळे 'यांना जनावरांची काळजी नसते' असं जे बोललं जातं, ते मनाला लागतं. बैलाला लस नको असं म्हणणारा गाडीवान मी पाहिलेला नाही. लस वेळेवर मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

२०२२ चंच घ्या. गळीत हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला. गावोगाव सरसकट लसीकरण सप्टेंबरभर चाललं होतं, काही ठिकाणी ऑक्टोबरातही. सप्टेंबरच्या शेवटी लस मिळालेल्या बैलाचे २८ दिवस ऑक्टोबरच्या शेवटी भरतात. तोवर कारखान्याची पहिली पाळी चालू झालेली असते, मुकादमाचे फोनवर फोन असतात, आणि ट्रक दारात उभा असतो. अशा वेळी माणूस थांबत नाही. तो रात्रीचा निघतो. आमच्याकडे काही गाड्या अशाच रात्री निघाल्या, आणि त्यातल्या कुठल्या बैलाला लस होती, कुठल्याला नव्हती, हे वाटेत कुणी पाहिलंही नाही.

आणखी एक. तुम्ही सगळे रोग बीडकडून येतो असं धरून चाललाय. तो परतही जातो. मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की तेच बैल तुमच्या भागातून आमच्या गावात येतात. सगळ्या जिल्ह्यांचे बैल हंगामभर एका तळावर, एका हौदावर पाणी पितात, एकमेकांच्या अंगावरच्या माशा एकमेकांना चावतात. जाताना निदान कुणीतरी विचारतं. परतताना कुणी म्हणजे कुणीच विचारत नाही. आमच्या वाडीत लाळ्या-खुरकूत आलेलं मी लहानपणापासून पाहते, ते बहुतेक उन्हाळ्यातच, बैल परतल्यावर. वाडीतल्या गावरान गाई, शेरडं, सगळ्यांना ते लागतं. त्याची मोजदाद कुठल्या कारखान्याच्या कागदावर नसते.

रावसाहेब_अकलूज

ताई, परतीचं मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. पण मग तुम्हीच सांगा, गावाने काय करायचं? प्रत्येक बैलाचा बिल्ला तपासत बसायचं का?

बालाघाटची_लेक

हो, तपासा. खरंच तपासा. त्यात अपमान काही नाही, प्रेमाने विचारलं की गाडीवान स्वतः बैलाचा कान पुढे करतो. फक्त ते तळावर आल्यावर तपासू नका. तिथे आलेल्याला परत पाठवणं कुणालाच परवडत नाही. तपासायचं ते गाव सोडायच्या आधी. कारखान्याकडे टोळ्यांची करार-यादी जूनजुलैपासून असते. कुठल्या गावातून किती बैलगाड्या येणार, हे कारखान्याला तेव्हाच माहीत असतं. ती यादी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पोचली तर भाद्रपदातच सगळ्या बैलांना लस आणि बिल्ला दोन्ही होऊन जाईल. तेव्हा बैल घरीच असतात, पोळ्याला तर दारातच उभे असतात.

निवृत्त_पविअ

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. माझ्या नोकरीच्या काळात मी हीच मागणी बैठकांमध्ये करत आलो. यादी आधी द्या. लस कमी पडत नाही असं नाही, पण कुठे किती लागणार हे दोन महिने आधी कळलं तर ती पोचवता येते.

लम्पी डास, चावऱ्या माशा आणि गोचिडांमार्फत पसरतो, मग वाहतूक थांबवून काय उपयोग, असं तेव्हा बरेच जण विचारायचे. माशी गावातल्या गावात, फार तर शेजारच्या शिवारात रोग नेते. दोनशे किलोमीटरची उडी माशी मारत नाही, ट्रक मारतो. २०१९ ला हा रोग देशात पहिल्यांदा ओडिशात सापडला, आणि तीन वर्षांत गुजरात-राजस्थानात त्याने हाहाकार केला. जनावराच्या अंगावरच्या वाळलेल्या खपल्यांमध्ये विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो, म्हणजे धुतली नाही ती गाडी रिकामी असली तरी रोग वाहते. लाळ्या-खुरकुताचं तर याहून वाईट. त्याला माशी लागतच नाही. लाळ, दूध, शेण, माणसाचे बूट, दूध गोळा करणाऱ्याची किटली, हवेतले थेंब, सगळं चालतं.

गाडी धुवायला महागडं काही लागत नाही. आधी शेण खरवडून पाण्याने स्वच्छ धुवा, कारण शेणावर औषध मारून ते वाया जातं. मग लाळ्या-खुरकुतासाठी धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. लम्पीसाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. उन्हात वाळू द्या.

पिकअपवाला_सांगोला

मी भाड्याने जनावरं नेतो. सांगोला, खरसुंडी, लोणी, घोडेगाव, सगळे बाजार केलेत. ड्रायव्हरच्या बाजूनेही लिहू द्या.

कागद कुठले ठेवावेत हे नव्या पोरांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. बाजार समितीची पावती, तिच्यावर बिल्ल्याचा नंबर लिहिलेला. विकणाऱ्या-घेणाऱ्याची नावं. पशुवैद्यकाचा दाखला, जनावर प्रवासाला ठीक आहे आणि सांसर्गिक रोग नाही असा. पावतीवर नुसतं 'बैल पांढरा' लिहून घेऊ नका. वाटेत कुणी अडवलं, मग ते पोलीस असोत की आणखी कोणी, तर बिल्ल्याचा नंबर पावतीशी जुळला की बोलणं तिथेच मिटतं. नाही जुळला तर रात्र तिथेच जाते, आणि बिचारी जनावरं उभ्याची उभी, पाण्याविना.

आणि जागेचा नियम पाळा, हात जोडून सांगतो. मोटार वाहन नियमांत २०१६ पासून मोठ्या जनावराला दोन चौरस मीटर जागा आणि मध्ये कायमचे कप्पे पाहिजेत असं आहे. साध्या पिकअपच्या हौद्यात त्या हिशोबाने दोनच बसतात. लोक चार-पाच कोंबतात. 'भाडं परवडत नाही दादा' म्हणतात. पण खाली पडलेलं जनावर, घासून सोललेली कातडी, त्या जखमेवर माशी. माझ्या गाडीत मी दोनच घेतो, दर जास्त सांगतो, ज्याला पटेल तो येतो.

नीरेकाठ

सांगोल्याच्या दादांना विचारतो: ऊसतोडीचे बैल ट्रकमधून येतात तेव्हा त्याच ट्रकमध्ये गाडीची चाकं, बाजलं, पोती, भांडी, पोरंबाळं, सगळंच असतं. ते चालतं का?

पिकअपवाला_सांगोला

चालत नाही. पण चालतं. डॉक्टर नीट सांगतील.

निवृत्त_पविअ

प्राणी वाहतूक नियम १९७८ चे आहेत. एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत, सोबत एक माणूस पाहिजे, फरशीवर घसरू नये म्हणून काथ्या किंवा लाकडी फळ्या पाहिजेत, जनावरांचं तोंड शक्यतो इंजिनाकडे पाहिजे, आणि जनावरांसोबत त्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. त्यामुळे चाकं-बाजलं-पोरंबाळं हे सरळ नियमाबाहेर आहे. त्यात पोरांच्या जिवाला धोका आहे, बैल बिथरला तर काय होईल सांगता येत नाही.

पण हा दंड गाडीवानावर बसवून सुटणारा प्रश्न नाही. ट्रक कारखाना किंवा मुकादम ठरवतो. जो ट्रक ठरवतो त्याने दोन ठरवावेत, एक बैलांचा, एक माणसांचा आणि सामानाचा. मला हा विषय रोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. प्रवासाच्या दाखल्यात बुळकांडीची लस टोचल्याची नोंद पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. बुळकांडीने एके काळी गावंच्या गावं रिकामी केली. तिच्यासकट जनावरांच्या रोगांवर काम करायला १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची इज्जतनगरची संस्था झाली. लस, नाकेबंदी आणि गावोगावची खबर, या तिन्हींच्या जोरावर २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाली. माणसाने संपवलेला जनावरांचा हा एकमेव रोग. म्हणून 'हे नियम पाळून काय होतं' असं कुणी म्हटलं की मी बुळकांडीचं उदाहरण देतो.

माणदेशी_मेंढका

आमच्याबद्दल पण लिहा कुणीतरी. दसऱ्यानंतर आमची मेंढरं माणातून निघतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. बीड असो की माण, गाव सोडल्याशिवाय आमचं भागत नाही.

लम्पीच्या वर्षी कितीतरी गावांनी आम्हाला शिवेवरच अडवलं. मेंढराला लम्पी होत नाही हे सांगून तोंड दुखलं. 'जनावर म्हणजे जनावर' एवढंच उत्तर. ज्या शेतकऱ्यांनी दर वर्षी बोलावून शेतात मेंढरं बसवून घेतली, खत घेतलं, त्यांच्याच गावात असं झालं. वाड्यावरची, म्हणजे मेंढरांच्या तळावरची बायका-पोरं रस्त्याच्या कडेला राहिली. डॉक्टरांनी वर लिहिलंय की घोषणा ठरावीक जातीच्या जनावरांसाठी असते, ते मोठ्या अक्षरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा अशी विनंती.

तरी खरं तेही सांगतो. लाळ्या-खुरकूत मेंढराला होतं आणि कित्येकदा दिसतसुद्धा नाही. थोडं लंगडतं, दोन दिवसांत बरं. पण तोवर शेजारच्या गोठ्यातल्या गाईला लागलेलं असतं. म्हणून माझा वाडा गाईंच्या गोठ्याजवळ उतरत नाही, आणि लंगडं मेंढरू दिसलं की आम्ही मुक्काम हलवत नाही. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस आम्ही निघायच्या आधी टोचून घेतो. एकदा टोचली की तीन वर्षं पुरते असं डॉक्टर सांगतात. अडचण एवढीच की दवाखान्यातली माणसं येतात तेव्हा आम्ही वाटेवर असतो.

यॉर्कशायरची_शेती

मी मूळची फलटणची, इंग्लंडमध्ये पशुवैद्यक आहे. मेंढकेदादांनी जे लिहिलं, तंतोतंत त्याच कारणाने २००१ मध्ये इथे अनर्थ झाला.

लाळ्या-खुरकुताचं मूळ नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुक्करपालन केंद्रात होतं. तिथून शेजारच्या मेंढ्यांना लागलं, मेंढ्यांमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्या हेक्सॅमच्या आणि लाँगटाउनच्या बाजारात विकल्या गेल्या. २० फेब्रुवारीला निदान पक्कं झालं. देशभर जनावरं हलवायला बंदी आली २३ फेब्रुवारीला. त्या तीन दिवसांतही बाजार चालू होते, आणि बंदी आली तेव्हा पन्नासहून अधिक ठिकाणी रोग आधीच पोचला होता. शेवटी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. पुढे २००७ मध्ये पुन्हा रोग निघाला तेव्हा पहिल्या निदानाबरोबर त्याच रात्री बंदी लावली. तेव्हा बाधित ठिकाणं निघाली फक्त आठ.

२००१ नंतर इथे जो नियम आला तो मला तुमच्या कामाचा वाटतो. एखाद्या शेतावर बाहेरून गाय, मेंढी किंवा शेळी आली की त्या शेतावरचं कुठलंही जनावर पुढचे सहा दिवस बाहेर जाऊ शकत नाही. डुकरांसाठी वीस दिवस. फक्त आलेलं जनावरच नाही, आधीची सगळीसुद्धा. व्यापाऱ्याने सकाळी इथे घ्यायचं आणि संध्याकाळी तिथे विकायचं, हे त्यामुळे बंद झालं. तुमच्या गावाला हे स्वतःहून करता येईल: टोळी आल्यानंतर ठरावीक दिवस गावातली जनावरं बाजारात न्यायची नाहीत आणि तळावरचे बैल गावात आणायचे नाहीत.

रावसाहेब_अकलूज

म्हणजे बंधन दोन्हीकडून. हे मला मान्य आहे.

नवापूरकर

थोडं वेगळं, पण इथेच लिहितो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. लोकांचा उभा धंदा बसला. मी तेव्हा एका पोल्ट्रीवर कामाला होतो. कोंबड्या मारायला सरकारी पथकं आली तेव्हा सगळ्यात मोठी अडचण भीतीची होती. कळवलं तर सगळंच जाणार, मग कळवायचं कशाला, असं अनेकांच्या मनात होतं.

तुमच्याकडेही तेच होईल. गाडीवानाला वाटेल, बैल आजारी सांगितला तर गाव हाकलून देईल. मग तो सांगणार नाही. झाकून ठेवेल, घरगुती लेप लावेल आणि बैल जुंपत राहील. त्यामुळे ग्रामसभेत पहिला ठराव हा करा की कळवणाऱ्याला हाकलणार नाही. आजारी बैल बाजूला बांधायला जागा गाव देईल, चारा देईल. एवढं झालं तर खबर तुमच्याकडे पहिल्या दिवशी येईल. नाहीतर नाक्यावर कितीही माणसं बसवा.

बालाघाटची_लेक

नवापूरच्या दादांचं अगदी खरं. तळावर एक बैल उभा राहिला की त्या जोडीचा खाडा सुरू होतो. त्या दिवसाची मजुरी नाही, पण पोट आहेच. आजारी बैल जुंपू नका हे सांगणं सोपं आहे. त्या दिवसांत त्या जोडप्याला तोडणीत डोकं-सेंटरच्या, म्हणजे बैलांशिवाय डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या टोळीबरोबर काम मिळालं तर माणूस बैल जुंपणार नाही. हे कारखान्याच्या शेतकी गटाला करता येतं, त्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या टोळ्या असतात.

नीरेकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून ग्रामसभेत वाचून दाखवले. रावसाहेबही आले होते. दोन तास चाललं, आवाजही चढले, पण यंदा ठराव झाला.

कारखान्याच्या शेती विभागाला पत्र दिलंय की आमच्या गटात येणाऱ्या बैलगाड्यांची गाववार यादी त्यांनी त्या त्या तालुक्याच्या दवाखान्याकडे लगेच पाठवावी. त्यांनी हो म्हटलंय. तळ यंदा फाट्याच्या पलीकडे, गोठ्यांपासून लांब, सरकारी पडीकवर. पाण्यासाठी वेगळा हौद ग्रामपंचायत बांधून देतेय, म्हणजे बैल गावच्या हौदावर येणार नाहीत. वाढं (उसाचे हिरवे शेंडे, बैलांचा चारा) तळावरच टाकायचं, तळावरून उरलेलं वाढं कुणी आपल्या गोठ्यात आणायचं नाही. हा मुद्दा एका म्हाताऱ्या आजींनी काढला, आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. टोळी आल्यापासून चौदा दिवस गावातलं जनावर बाजारात जाणार नाही. मेंढरांना लम्पीच्या नावाखाली अडवायचं नाही, हे फळ्यावर लिहिलं. आणि कळवणाऱ्याला हाकलायचं नाही, तर आजारी बैलासाठी शाळेमागचं जुनं शेड द्यायचं.

परतीच्या वेळी तळ उठायच्या आधी पशुवैद्यकाकडून सगळे बैल तपासून घेऊ. ताई, हे तुमच्यामुळे.

एक शंका राहिली. लस न झालेले काही बैल येणारच. तळावर लसीकरण करायचं ठरलं तर काय जपायचं? आणि एखाद्याला गाठी दिसल्याच तर त्याला पण लस टोचायची का?

निवृत्त_पविअ

ठराव उत्तम. चौदा दिवस लाळ्या-खुरकुताच्या हिशोबाने बरोबर आहेत. लम्पीची शंका आली तर ते २८ करा.

ताप किंवा गाठी असलेल्या जनावराला लस नाही. त्याला बाजूला घ्या, उपचार करा, गोचीड-माशीचं औषध मारा, कडुनिंबाचा धूर करा. मेलंच तर खोल खड्डा, वर चुना. फाट्यात किंवा नदीत कुणी टाकू देऊ नका, तो कायद्याने वेगळा गुन्हा आहे. लसीकरण कडेकडून आत न्या, म्हणजे आजारी बैलापासून सगळ्यात लांब जे बांधलेत त्यांच्यापासून सुरुवात, आणि टोचणारा माणूस आजारी बैलाजवळ सगळ्यात शेवटी. लस बर्फाच्या डब्यातून बाहेर काढून उन्हात ठेवू नका. आणि लस न टोचता कुणाला दाखला मागू नका, देऊ नका, त्यालाही कायद्यात शिक्षा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, एका बैलाला एक सुई. घाईत एकच सुई दहा बैलांना वापरली जाते आणि माशीचं काम आपणच करतो. दवाखान्यात सुया कमी असतील तर ग्रामपंचायतीने आधीच आणून ठेवाव्यात, खर्च फार नाही. तळावर जितके बैल तितक्या, वर थोड्या जास्त.

नीरेकाठ

सुया मी स्वतः आणतो. सोमवारी अकलूजला जायचंच आहे.